आयली आणि इंजिनाची टकटक

१९ एप्रिल

मोटरसायकल बाहेर काढली आणि लगेच आत ठेवली. अंगणात बर्फ अजून आहे, पण कारण ते नाही. इंजिन चालू केलं आणि घरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. पळत गेलो. आयली सिंकपाशी जमिनीवर बसलेली, दोन्ही हात कानांवर, डोळ्यांतून पाणी. "बंद कर, बंद कर" म्हणत होती. इंजिन मी केव्हाच बंद केलं होतं!

फेब्रुवारीत पोस्टाच्या पायऱ्यांवर घसरली, डोकं मागून आपटलं. हाड मोडलं नाही म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. तेव्हापासून माझ्या बायकोला कुठलाच आवाज सोसत नाही. चमचा बशीला लागला तरी अंग चोरते. मी घरात नुसते मोजे घालून फिरतो. भांड्यांच्या मध्ये फडकी ठेवलीत. टीव्ही बंद. वाफेच्या अंघोळीचा सॉना तापवायचाही बंद, लाकडं तडतडतात म्हणून. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. किती, ते विचारलं की कागद चाळतात.

२० एप्रिल

ठरवलं. जुलैपर्यंत इंजिन गप्प करायचं. लग्न झाल्यापासून एकही उन्हाळा असा गेला नाही की आयली मागे बसून माझ्याबरोबर सरोवराच्या टोकापर्यंत आली नाही. याही वर्षी येईल. घर शांत करता येतं, तर इंजिन का नाही? खाणीत जन्मभर यंत्रंच तर दुरुस्त केली.

२६ एप्रिल

आमचा छोटा पिकअप ट्रक घेऊन हायवेवरच्या गॉर्डी बोड्रोच्या दुकानात गेलो. गॉर्डी खाणीतला जुना सोबती, आता मोटरसायकली दुरुस्त करतो. म्हणाला, "रेइनो, ही जातच बोंबलायला जन्माला आलीये. गप्प बसणारी हवी तर सायकल घे की." मग माझं तोंड बघून थांबला. आयलीचं विचारलं. सांगितलं.

त्याने बिनदुधाची कॉफी पुढे ठेवली आणि म्हणाला की पहिल्यांदा घट्ट ऑइल घालून बघ आणि सायलेन्सरमध्ये आवाज मारणाऱ्या नळ्या बसव. दोन्ही घेऊन आलो.

२८ एप्रिल

बसवलं. मागचा धडधडाट निम्म्यावर आला. आणि त्यामुळे इंजिनाची टकटक आता जास्तच स्पष्ट ऐकू येते. शिवणयंत्रात कुणी खिळे घातल्यासारखी. आधी निदान झाकली तरी जायची.

७ मे

इंजिनाचे व्हॉल्व्ह उचलणारे टॅपेट आले. कंपनीचे नव्हेत, बाहेरचे. सगळे म्हणतात हेच सगळ्यात शांत. दिवसभर त्यातच होतो. दुपारी आयलीने दाराशी येऊन हळूच हाक मारली. काळा चष्मा लावलेला, अंगावर शाल. "जरा येऊन बस ना." मी म्हटलं हात ऑइलने भरलेत, हे एवढं झाकण लावतो आणि येतो.

गेलो तेव्हा झोपली होती.

१० मे

गाडी ढकलत रस्त्याच्या टोकाला नेली, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. चालू केली. तीच टकटक. कणभर कमी नाही. बराच वेळ तिथेच उभा होतो. चावऱ्या काळ्या माश्यांनी मान फोडून काढली.

१६ मे

आयलीची धाकटी बहीण इर्मा ग्रीन बे शहरातून आली. मांस भरून भाजलेल्या पेस्ट्या करून आणल्या होत्या, आत सलगम घातलेल्या, आयलीला आवडतात तशा. आयलीने अर्धी खाल्ली. दोघी पडदे ओढलेल्या खोलीत बसल्या, एक शब्द न बोलता. मी दारातून पाहिलं आणि गॅरेजमध्ये गेलो. टॅपेटवरचे दांडे, पुशरॉड, यायचे होते, जुने काढून ठेवायचे होते.

निघताना इर्मा गॅरेजमध्ये आली. "दाजी, हे कुणासाठी चाललंय?"

मी म्हणालो, आयलीसाठी.

तिने इकडे तिकडे पाहिलं. सुटे भाग, चिंध्या, माझं स्टूल, रेडिओ. मग जाऊन गाडीत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२३ मे

आज फार वाईट झालं.

नवे पुशरॉड लांबी कमीजास्त करता येणारे आहेत. लांबी जमवली की थांबायचं असतं. टॅपेटमधलं ऑइल झिरपून तो खाली बसेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही. मला हे माहीत होतं! घाई केली. इंजिन फिरवलं आणि एक रॉड वाकला, नवा कोरा.

हातातला पाना जमिनीवर फेकला. काँक्रीटवर. घराचं भानच नव्हतं.

आतून आयली जी किंचाळली — असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. पळालो. बेडरूमचं दार आतून लावलेलं. दाराबाहेर जमिनीवर बसलो. हाक मारली, तीही कुजबुजत. आतून म्हणाली, "तू जा, रेइनो. जा तुझ्या कामाला."

२४ मे

लिहिण्यासारखं काही नाही.

३० मे

इर्मा तिला घेऊन गेली. थोडे दिवस, म्हणाली. मागच्या सीटवर उशा रचल्या, कानांवर माझे ग्राइंडरचे इयरमफ लावले. फार केविलवाणी दिसत होती. मी म्हटलं, थांब गं, इथे तुला शांत राहील असं सगळं केलंय मी. तिने एक कान मोकळा केला, माझ्यासाठी.

"इथे शांतच असतं रे. कुणी नसतंच."

इर्माची गाडी वळणापर्यंत किती हळू चालली होती!

६ जून

आता हवा तेवढा आवाज करता येतो. टीव्ही लावला, बंद केला. भांड्यांतली फडकी काढली नाहीत. अजून मोजे घालूनच चालतो.

रोज फोन करतो. इर्मा उचलते. आयलीला फोन कानाला लावता येत नाही, आवाज सुईसारखा घुसतो. "पडून आहे," म्हणते. "खाल्लं थोडं," म्हणते. मग मी तिकडच्या हवेचं विचारतो आणि फोन ठेवतो.

माझ्याकडे बघून कुणालाही वाटेल, बायको वारली. मलाही वाटतं कधी कधी.

१४ जून

गॉर्डी न बोलावता आला. डब्यात नवा टेन्शनर, टायमिंग चेन ताणून धरणारा, ऑइलच्या दाबावर चालणारा. म्हणाला, "उघड झाकण. सुरुवातीलाच हे बघायला हवं होतं आपण." उघडलं. जुन्या टेन्शनरचा प्लास्टिकचा पट्टा खाऊन खाऊन संपलेला, तुकडे ऑइलमध्ये. साखळी नुसती आपटत होती.

नवीन बसवायची इच्छा नव्हती. कुणासाठी? गॉर्डीनेच हात घातला, म्हणून मीही घातला.

२१ जून

झालं. नवा रॉड, नवा टेन्शनर, सगळं. चालू केलं.

टकटक नाही.

नुसती घरघर, मांजर मांडीवर बसल्यासारखी. गॉर्डीने टोपी काढली. "चर्चमध्येसुद्धा नेशील ही आता," म्हणाला. मी हसलो नाही, तेव्हा टोपी घालून निघून गेला.

आज मिडसमर, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा आमचा सण. सरोवराकाठी लोकांनी होळ्या पेटवल्या असतील. मी सीटवर बसलो, इंजिन चालू ठेवून. कुठे गेलो नाही. मागची सीट रिकामी आहे हे न बघताही कळत होतं. सगळं आयुष्य दुरुस्त्या केल्या, आणि एवढं निरुपयोगी काम दुसरं कुठलं केलं नसेल.

इंजिन बंद केलं. चालू आणि बंद यात फारसा फरक वाटला नाही.

२७ जून

फोन वाजला. आयली. इर्मा नव्हे, आयली स्वतः! फोन कानापासून लांब धरला होता बहुतेक, आवाज दुरून येत होता. मी मूर्खासारखा आधी इंजिनाचंच सांगत सुटलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रेइनो, मला ती गाडी कधीच आवडली नाही. तुझ्या पाठीला टेकून बसायला मिळायचं, म्हणून यायचे मी."

खुंटीवरून ट्रकची चावी काढली. म्हटलं, ट्रक घेऊन येतो.

"ये," म्हणाली.