अंकुशचे कपडे

मंगला,

हे पत्र तुला धाडायची माझी छाती होणार नाय, तरी लिहितो. दांडीच्या दर्यानं आपला थोरला अंकुश गिळला नि तू सफाळ्याला माहेरी गेलीस, तेव्हा त्याचे कपडे मी पंचिंग बॅगेत भरले. पोरगा तालमीत तरी राहावा म्हणून.

आता धाकट्या हितेशनं बुक्का उगारला, की लागायच्या आधीच बॅग डावीकडे सरकते. "बाबा, दादा चुकवतोय," तो म्हणतो. बरोबर हाय. अंकुश तसाच चुकवायचा, मीच शिकवलेलं.

काल मी माझे जुने ग्लोव्हज चढवले नि जीव खाऊन मारलं. बॅग जरासुद्धा हलली नाय. घरी मी रागानं मारायचो तेव्हा अंकुश असाच उभा राहायचा, हात खाली सोडून.

येऊन हितेशला घेऊन जा.

पोरांचा बाप,
शांताराम