खिडकी आधी, भिंती नंतर

४ तारीख, सकाळ

ही वही एक तारखेपासून लिहायची ठरली होती. एकला पेन नव्हतं. दोनला पेन आणायला निघालो, तर वाटेत सायकलवाल्याशी गप्पा रंगल्या. मग तीन उजाडली आणि म्हटलं, एवढं थांबलोच आहोत तर नीट विचार करून लिहू. म्हणजे आळस नव्हे. तयारी.

तर काम असं. आत्याच्या घरामागे उतार आहे, दाट झाडी, खाली ओढा. तिथे तिला लाकडाची छोटीशी ध्यानकुटी हवीय. शाळेतून रिटायर झाली परवा. म्हणते, जन्मभर पोरांचा कालवा ऐकला, आता घटकाभर गप्प बसायला जागा कर. लाकूड तिने आणून टाकलंय. डिझाइन माझं.

तीस तारखेला दादा बघायला येणार. कुटी उभी असली तर मी मोकळा, अशीच कामं घेत गावोगाव हिंडायला. नसली तर बाबा आणि दादाच्या टायरच्या दुकानात कायमचं बसायचं. अट बाबांची. मी फोनवर लगेच हो म्हणून टाकलं. तीसपर्यंत मी दोन कुट्या बांधीन.

५ तारीख

कुटीवाल्याने आधी जागेवर स्वतः ध्यान करून बघायला हवं. हे कुणी करत नाही, म्हणून कुट्या बिघडतात. बसलो. डोळे मिटले. पायावर मुंगी. मुंगी जाते कुठे ते बघितलं. मग ओढा येतो कुठून ते बघायला वर वर चालत गेलो. कळलं नाही. परत आलो तेव्हा दिवे लागले होते आणि आत्या उतारावर उभी राहून माझ्या नावाने ओरडत होती.

जागेचा अभ्यास पूर्ण.

८ तारीख

डिझाइन फायनल. आठ कोपरे. आत्या म्हणाली, बसणार मी एकटी, कोपरे आठ कशाला? तिने ओळखीच्या सुताराला बोलावलं होतं. तो कागद उलटा धरून म्हणाला, आठ कोपरे म्हणजे आठ ठिकाणी गळणार. मग चहा पिता पिता त्याने मला त्याच्या मेव्हण्याच्या कोर्टकचेरीची सगळी हकिगत सांगितली. निगेटिव्ह माणूस. पण मेव्हणा इंटरेस्टिंग.

९ तारीख

आठ कोपरे रद्द. गोल खिडकी सुचली! कुटी म्हणजे शेवटी काय, खिडकी. ती ठरली की भिंती आपोआप ठरतात. उद्यापासून पहाटे उठणार.

१३ तारीख

पहाटे उठणं जमलं नाही, कोंबडा फार लवकर आरवतो, त्यामुळे पुन्हा झोप लागते.

पण खिडकी झाली! सरळ फळ्यांतून गोल चौकट काढायची म्हणजे तुकडे तिरके कापून जोडावे लागतात. बरेच कापले. काही उलटे तिरके गेले. सुतार बघायला आला आणि म्हणाला, अहो आर्किटेक्ट, लांब फळ्या सगळ्या खिडकीत घातल्यात, भिंतीला काय लावणार, पडदे? हसला. आत्याही हसली. शिक्षिका असून.

पडदे वाईट नाहीत.

१५ तारीख

खांब रोवले. चार. तीन उभे आहेत.

खिडकीची उंची मी मांडी घालून बसून, माझ्या डोळ्यांपुढे बोट धरून ठरवली. एकदम शास्त्रशुद्ध. संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून खाली घेऊन आली. म्हणाली, माझे गुडघे वाकत नाहीत हे तुला दहा वेळा सांगितलं, मी खुर्चीवर बसणार. खुर्चीवर बसलं की तिच्या डोळ्यांसमोर खिडकीच्या वरची भिंत येते. भिंत अजून नाही, त्यामुळे सध्या तिला सगळं छान दिसतं. तेव्हा घाई नको.

१८ तारीख

बाबांचा फोन. कुठवर आलंय? म्हटलं, आकार घेतेय. म्हणाले, फोटो पाठव.

विचार करून डोकं पिकलं. मग आत्याला खिडकी उभी धरायला लावली, मी मागे बसलो आणि गोलातून फोटो काढला. नुसती झाडी, तिरकं ऊन, खाली ओढा चमकतोय. आत्याची बोटं दोनदा आली, तिसऱ्यांदा नाही. ती म्हणाली, हात भरून आले रे मेल्या, आणि हे खोटं नाही का? मी म्हटलं, खिडकी खरी आहे, झाडं खरी आहेत, यात खोटं काय ते दाखव.

पटलं तिला. (घरात निघून गेली.)

२१ तारीख

बाबा आता रोज फोन करतात. काल विचारत होते, वारा येतो का? म्हटलं, चारी बाजूंनी. आज विचारलं, गाड्यांचा आवाज? अजिबात नाही. आडवं पडता येतं का? म्हटलं, जागा फ्लेक्सिबल आहे. मागे दादाचा आरडाओरडा ऐकू येत होता, बाबा, फोन ठेवा, गिऱ्हाईक खोळंबलंय. बाबा हळूच म्हणाले, तू सुटलास बघ.

एवढ्या प्रेमाने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. माणूस विरघळलाय. तीस तारीख आता नुसती फॉर्मॅलिटी.

२३ तारीख

खिडकी झाडाला टेकवून जेवायला गेलो. गोल वस्तू उतारावर ठेवू नये, हे मला कुणीही सांगितलं नाही. ओढ्यात मिळाली, दोन तुकड्यांत. एकावर बेडूक बसला होता. अगदी शांत. त्याच्याकडे बघत बराच वेळ गेला.

२६ तारीख

सुताराला फोन केला. म्हणाला, भिंत कुठे असणार ते ठरलं की सांगा. म्हटलं, कॉन्सेप्ट बदललाय, भिंतीविना कुटी, निसर्गच भिंत. तो म्हणाला, मग माझं काय काम, निसर्गालाच फोन लावा.

उर्मट.

आत्याने खुर्ची उचलून परत वर नेली.

२९ तारीख, सकाळ

घाबरायचं कारण नाही. दादा उद्या दुपारी येणार. आज चौथा खांब, संध्याकाळपर्यंत छप्पर, उद्या सकाळी पायऱ्या. मधे जरा पोहणं. दादाला लांबून, वरूनच दाखवायचं. झाडीत अर्धं झाकलं जातं, तेच सौंदर्य.

२९ तारीख, दुपार

पोहून आलो. फाटकापाशी टेम्पो थांबलाय. आत्या वरून ओरडतेय, लवकर ये, आणि तू फोनवर काय काय सांगितलंयस ते आधी मला सांग!

आलो बघून. दादा नाही. बाबा आलेत. टेम्पोतून गादी, उशी, टेबलफॅन उतरवतायत. दुकान सोडलं म्हणाले, उरलेलं आयुष्य कुटीत. दादा तिकडे दुकानात भडकलाय, त्याला उद्या सकाळपासून बाबांच्या जागी माणूस हवाय, परतीच्या टेम्पोत त्याला बसवून द्या म्हणाला, म्हणजे मला. आत्या बाबांना म्हणतेय, अरे, गप्प बसायला जागा मला हवी होती! बाबा ऐकतच नाहीत. गादी खांद्यावर टाकून उतार उतरायला लागलेत, आणि मला विचारतायत, कुटी नेमकी कुठल्या झाडामागे.