गाडी सरकवली नाही

टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

चि. दीपमालास,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. शेळीला दोन पिल्लं झाली. जीपचं आरटीओचं पासिंग एकदाचं झालं.

आता कामाचं. या पत्रासोबत वसंताच्या हाती तुझी फाइल पाठवली आहे. स्टँडवर माझ्या मागच्या नंबरला ज्याची जीप लागते, तोच आपला वसंता. फाइलमध्ये दहावी, बारावी, बी.एस्सी.च्या मूळ मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, सगळं आहे. आईने दोनदा तपासलं, मी तीनदा. मूळ कागद शुक्रवारपर्यंत दिले नाहीत तर एमआयडीसीतले बियाणं कंपनीवाले लॅबमधली तुझी जागा दुसऱ्या मुलीला देणार, असं तू आईला फोनवर सांगितलंस. ते आता टळलं. काल फाइल हातात आली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की येताना मी दोन गाड्यांना रस्ता दिला. वसंता म्हणतो, असं माझ्याकडून आजवर झालेलं नाही.

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. अक्षराला हसू नकोस, हात स्टिअरिंगचा आहे. नोव्हेंबरात तू सासरहून निघालीस आणि थेट जालन्याला तुझ्या मैत्रिणीच्या, प्रियदर्शनीच्या खोलीवर गेलीस, टेंभुर्णीला आली नाहीस. का आली नाहीस, हे मी आईला अजून विचारलेलं नाही.

तुझ्या सासरी अडकलेले कागद कसे मिळाले ते सांगतो.

रविवारी वडीगोद्रीहून तुझ्या सासरचे पाच जण बैठकीला आले. जावई, त्याची आई मालनबाई, चुलते आणि आणखी दोघं. चहा झाला, थंडीवर बोलणं झालं. मग चुलत्यांनी घसा साफ केला. "देवानंदराव, झालं गेलं सोडा. पोरीला समजावून सांगा. थोडं तिनं अ‍ॅडजस्ट करावं, थोडं पोरगा करंल."

मी जावयाला विचारलं, "तुम्ही काय अ‍ॅडजस्ट करणार, तेवढं सांगा."

तो चुलत्याकडे बघायला लागला. मालनबाई म्हणाल्या, "त्याला काय इचारता? पोरगा हाय तो."

तुझी आई आतून आली. गुडघा दुखत होता तरी उभी राहिली. "मंग आमची काय हाय?" एवढंच म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली. अर्धा चहा तसाच होता त्यांच्या कपात.

मी कागद मागितले. चुलते म्हणाले, पोरगी आली की कागद मिळतील. बैठक तिथेच मोडली.

ते गेल्यावर मी तुझ्या शाळेतली डिक्शनरी फळीवरून काढली. मला इंग्रजी येत नाही, पण अ‍ॅडजस्ट हा शब्द मी बावीस वर्षं दिवसातून शंभर वेळा म्हणत आलोय. नऊ सीटची गाडी, पंधरा माणसं. "ताई, जरा अ‍ॅडजस्ट करा. मामा, पाय जवळ घ्या." ज्याला सही येत नाही त्यालाही हा शब्द कळतो आणि तो सरकतो. शाळेत मास्तर कमी पडले की दोन वर्ग अ‍ॅडजस्ट, लग्नात जेवण कमी पडलं की पंगत अ‍ॅडजस्ट. डिक्शनरीत लिहिलंय, नीट बसवणे, जुळवून घेणे. बाईनेच सरकायचं, असं काही त्यात लिहिलेलं नाही. पण माझ्या गाडीत आधी कोण सरकतं? बायाच. आणि मी हाकही आधी त्यांनाच मारतो, कारण त्या उलट बोलत नाहीत. एवढी साधी गोष्ट कळायला मला बावीस वर्षं लागली. तू म्हणशील, अप्पा, तुमचं पासिंग उशिराच होतं.

सोमवारी सकाळी मी नंबर सोडला. मी, तुझी आई आणि वसंता, तिघंच गाडीत. स्टँडवरचे विचारायला लागले की आज रिकामी गाडी कुठं नेता. वडीगोद्रीला पोचलो आणि त्यांच्या बोळात, बरोबर दारासमोर जीप आडवी लावली. चावी काढून खिशात टाकली.

मालनबाई बाहेर आल्या. मी म्हणालो, "पोरीची फाइल द्या, जातो."

"न्हाई दिली तर?"

"तर हितंच हाय."

थोड्या वेळात मागे उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला. त्याच्या मागे दुधाची मोटारसायकल, तिच्या मागे पाण्याचा टँकर. हॉर्नवर हॉर्न. हायवेवरच्या दुकानांतली माणसंसुद्धा बघायला आली. ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ काका, काय करून राह्यले? जरा अ‍ॅडजस्ट करा की, बाजूला घ्या!"

"न्हाई घेत," मी म्हणालो. "बिलकुल न्हाई. ह्या घरात माझ्या पोरीचे कागद अडकून पडलेत. ते आले की लगेच निघतो."

दीपा, मला भीती वाटत होती. मारायला आले असते तर मी आणि वसंता काय पुरे पडणार होतो? पण तुझ्या आईने डब्यातून भाकरी काढली आणि बोनेटला टेकून खायला लागली, ट्रॅक्टरवाल्यालाही अर्धी दिली. तो खाली उतरला. सगळं ऐकून घेतलं, आणि मग तोच दाराकडे बघून ओरडायला लागला, "मालनमावशी, द्या की कागद, माझा ऊस वाळून राह्यला!" पाच मिनिटांत अख्खा बोळ आमच्या बाजूने. दीड तास गाडी तशीच उभी होती. शेवटी जावयाने फाइल आणली आणि माझ्याकडे न बघता बोनेटवर ठेवली. तुझी आई म्हणाली, "उघडून बघितल्याबिगर हलायचं न्हाई." बघितलं. सगळं होतं.

इथपर्यंत तुला हसू आलं असेल तर बरं वाटेल. पुढचं लिहायला मात्र सकाळपासून तीनदा पेन खाली ठेवलंय.

पंधरा ऑगस्टला तू बॅग घेऊन घरी आली होतीस. चहा देताना तू ओढणी दंडावर ओढून घेतलीस. त्याआधीच मला दिसलं होतं. पाच बोटांचे वळ. तुझ्या आईला दिसलं नाही, मला दिसलं. तू काही सांगशील म्हणून मी वाट बघतोय, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. तू सांगू नयेस म्हणून मी लवकर उठून बाहेर गेलो. लोक काय म्हणतील, तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न कसं जमणार, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला माझ्याच जीपमध्ये, मधल्या सीटवर पाचवी बसवून जालन्याला नेलं आणि सासरी जायला अंबडच्या बसमध्ये बसवलं. खिडकीशी उभा राहून म्हणालो, "थोडं अ‍ॅडजस्ट कर, माय." तू खिडकी लावून घेतलीस.

मी चुकलो. कळत नव्हतं म्हणून नाही, दिसत होतं तरी चुकलो. तू स्वतःच्या पायांनी बाहेर पडलीस आणि माझ्या दारात आली नाहीस, ते बरोबर केलंस. त्या दारातून तुला एकदा परत पाठवलेलं होतं.

फाइल वेळेत पोचली, नोकरी टिकेल, याचा मला फार आनंद आहे. तिच्या बदल्यात घरी ये, फोन उचल, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मी आणि तुझे चुलतसासरे सारखेच. आई येत्या रविवारी तुला भेटायला येते आहे. तिला मी जालन्याच्या स्टँडपर्यंत आणीन. मी पुढे यायचं की नाही ते तिच्याजवळ सांग. नको म्हणालीस तर मी गाडीतच बसून राहीन, आणि तुझ्यावर रागावणार नाही.

जपून राहा. दूध घेत जा.

तुला त्या बसमध्ये बसवणारा,
तुझा बाप
देवानंद