नातवंड संस्थानातच!

४ मार्च १९३५, मळवली
ठरलं म्हंजे ठरलं. काल सभेत पाव्हणे म्हनाले, इंग्रजाच्या भुईवर जन्मलेलं लेकरू जन्मापासनं गुलाम. आमच्या सुनंला, सरूला, सातवा चाललाय. माझं पयलं नातवंड गुलाम? हाट! डोंगरापल्याड पवनेकाठी भोर संस्थान. तितं आपला राजा. तितंच माझी बहीण रतन, तिचा गोठा रिकामा. जायाचं! हे म्हनाले, म्हसराच्या जागंत ऱ्हायचं व्हय? म्हनलं, तितली म्हसरं सुदिक स्वतंत्र.

१४ मार्च
आलो! शिवेचा दगड वलांडला आन् मी एकटीनंच फुगडी घातली. गुडघा दुखतोय, पन मोकळ्या हवेत. सरू डोलीत हसत व्हती. लेक हौशीराम मातुर मळवलीलाच. इंग्रजाच्या रेल्वेत गँगमन. म्हनतो, आये, रूळ उचलून संस्थानात आनू का?

४ एप्रिल, पाडवा
गुढी उभारली. गोठ्यात गोचीड लय चावत्यात, पन संस्थानी. नेम केला: बारसं होईस्तवर इंग्रजाच्या हद्दीत पाय न्हाई, घास न्हाई. रतननं इचारलं, सरूचं म्हायेर कुटलं गं? म्हनलं, भाजे. तर पदर तोंडाला लावून हसाय लागली. येडीच हाय पयल्यापासनं.

२६ एप्रिल, सकाळी
घोटाळा. सरूचा बाप सोपानभाऊ डोली घेऊन दारात. पयलं बाळंतपन म्हायेरी! आन् भाजे इंग्रजात! म्हनलं, औंदा रीत मोडू. तर म्हनतो, विहीनबाई, लग्नात मानाची सुपारी ऱ्हायली म्हनून पंगत अडवली व्हती तुमी. आता कशी मोडू? हे मिशीत हसले. सरू तर कवाच डोलीत बसली. मी खंबीर. मी हितनं हालनार न्हाई.

६ मे, दुपारी, भाजे
परवा हालले. कंबर सुनंची, कळ मला.
आज पहाटं नात झाली! नाक माझं! नाव मी ठरिवलंय, स्वराज्या.
आज इंग्रज बादशाची जुबली म्हनं, गादीला पंचवीस वर्सं. शाळंत पेढे वाटले. सुईन विठाबाईनं माझ्या तोंडात एक कोंबलाच. इंग्रजाचा म्हनून न्हाई, नातीचा म्हनून खाल्ला. दुसरा बी. हे म्हनाले, नेमाचं काय? म्हनलं, खवा भाज्याच्या म्हशीचा हाय.
समदं गाव पोरीला जुबली म्हनतंय. एकेकाला झापलं. मग ती रडाय लागली, तर माझ्याच तोंडातनं निगालं: उगी, जुबले, उगी.