दारातलं खाकरणं

बाबा, तुम्ही दारात एकदा खाकरलात की आमचं काय काय जायचं, ते मी परवा मोजून पाहिलं. आईचं अर्धवट गुणगुणणं जायचं. कॅरमवर हातात आलेली राणी जायची, कारण सोंगट्या डब्यात भरायला तेवढाच वेळ असायचा. धाकटीचं हसू जायचं, ते कधीकधी दुसऱ्या दिवशीही परत यायचं नाही. गुढियारी मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांत आई हळूच म्हणायची, "आले तुह्ये बाबा, चूप बसा," आणि आम्ही पुस्तकं उघडायचो. मालधक्क्यावरून तुम्ही थकून येत होतात, हे आता कळतं. मारायचात तसे क्वचितच. आज पट्टा निघणार की नाही, ते मी खाकरण्यावरून ओळखायचो आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखायचो.

पुढे त्याच कानांवर मी पोट भरलं. तुम्ही एकदा कुठूनसा एक बंद पडलेला रेडिओ आणून माझ्यापुढे ठेवलात आणि जेवायला बसलात. तो मी आठ दिवसांत बोलता केला. आज भनपुरीत माझं गोदाम आहे, लग्नांना आणि सभांना माईक-स्पीकर माझे जातात. लोक म्हणतात, भैयाला खरखर व्हायच्या आधीच ऐकू येते. मीही चारचौघांत सांगत असतो की असे कान आमच्या घराण्यात दुसऱ्या कोणाला नाहीत, हे माझे मी कमावले. आणखी एक सांगतो. घरात मी कधी कोणावर हात उचलला नाही, तुमचा पट्टा गुढियारीतच राहिला.

गेल्या महिन्यात समता कॉलोनीतल्या एका हॉलमध्ये तीन दिवसांचं काम होतं. समुपदेशक, नर्स, बालगृहातल्या ताया, अशांचं प्रशिक्षण. एका पिढीला बसलेली धास्ती पुढच्या पिढीत कशी उतरते, आणि मूल व त्याला सांभाळणारं माणूस या दोघांना एकत्र बसवून उपचार कसे करायचे, असा विषय. शिकवणाऱ्या बाई म्हणत होत्या, "बच्चे की फाइल खोलो, तो दादा तक जाना पड़ता है," म्हणजे पार आजापर्यंत. मी मिक्सरवर बसून ऐकून राहिलो होतो. काम तेच आहे माझं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चटईवर एक घर मांडलं. एक नर्स सात वर्षांची मुलगी झाली, एक ताई आई झाली, दोघींच्या कॉलरला माईक मीच लावले. बाप व्हायला कोणी नव्हतं. होते ते दोन पुरुष चहाला गेलेले. बाई माझ्याकडे वळल्या, "भैया, आप पापा बन जाइए. बोलना कुछ नहीं है, बस काम से घर लौटिए." मी म्हटलं, "दीदी, गुस्सेवाला कि सीधावाला?" "जैसे रोज़ लौटते हैं, वैसे." हॉल हसला. मी बाहेर गेलो, दार ढकलून आत आलो, चटईच्या कडेला बसलो. हसणं थांबलेलं होतं. बाईंनी त्या नर्सला विचारलं, क्या हुआ. ती म्हणाली, "पता नहीं दीदी. ये दरवाज़े पर खाँसे, और मैंने खिलौने छिपा दिए." खेळण्यातले ठोकळे तिने खरोखरच ओढणीखाली घेतले होते. मी खाकरलो होतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, सर्दी आहे. या वेळी कोणी हसलं नाही.

बाई रागावल्या नाहीत. "आपके घर में कौन खाँसता था?" मी सांगितलं, बाबा. "और उनके घर में?" तेव्हा मला आत्या आठवली. स्वयंपाकघरात वांगी चिरताना एकदा ती सहज बोलून गेली होती, "आजा आला का तुहा बाप खाटेखाली जाऊन बसे." तुम्हाला खाटेखाली बसलेलं मी कधी डोळ्यांपुढे आणलं नव्हतं. त्या हॉलमध्ये आणलं. मग मी माझ्या जागेवर परतलो आणि बाई पुढे शिकवू लागल्या. ज्या घरात भीती असते तिथल्या पोरांचे कान तेज होतात, असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मला हेडफोनमधून आलं, अगदी स्वच्छ.

तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. लिहून झालं की हा कागद मिक्सरच्या पेटीत, जुन्या वायरींखाली जाईल. एक कबूल करायचं राहिलं. तेव्हापासून मी घरी येताना खाकरणं गिळतो. काल संध्याकाळी तर स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच बंद केली आणि ढकलत आणली. फाटकाला हात लावायच्या आत घरातून नातीचा आवाज आला, "मम्मी, आजोबा आ गए," आणि टीव्ही बंद झाला. आठ वर्षांची आहे. तिचे कान माझ्याहून तेज आहेत.