अण्णा, दिगूचा जबाब झाला

भरे, ता. मुळशी

प्रिय अण्णा,

काल आपल्या ओसरीवर पोलीस येऊन बसले होते. घाबरू नका! मी नव्यानं तक्रार दिली, म्हणून दिगूचा जबाब घ्यायला आले होते. तुम्ही गेल्यापासून मनात तुमच्याशी भांडतेच आहे, पण कालचं ऐकल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

माझ्या या पाठच्या भावाच्या वतीनं, बाप म्हणून, तुम्ही आयुष्यभर बोलत आलात. दुकानदारानं त्याला काही विचारलं तरी "त्येला काय इचारताय? मला इचारा," म्हणायचात. कुणी त्याला हसू नये म्हणून, हे कळायचं मला. पण चौकीतही तेच?

चुलत्यांचा संपतदादा राखण करतो त्या बंगल्यावर दिगू नळ सोडून पाणी बघत बसला, म्हणून दादानं त्याला पाइपनं झोडपलं. पाठीवर वळ होते, अण्णा! हवालदारांनी विचारलं, "पडलास का रं?" ऑटिझममुळे दिगू कानावर पडलेलंच परत म्हणतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो म्हणाला, "पडलास का रं." आणि तुम्ही म्हणालात, "व्हय सायेब, पडलाय त्यो." भावकीत वाकडं नको म्हणून देवळात दादाच्या हातून नारळ घेतलात आणि मिटवून टाकलंत. दिगूला कुणी विचारलं?

अशा माणसाचा जबाब घरी घेतात, त्याचं बोलणं समजणारी शिक्षिका सोबत देतात, वकील फुकट मिळतो, हे तेव्हा आपल्याला कुठे माहीत होतं! माहीत असतं तर बोलला असतात का?

काल पोलिसांसोबत आलेल्या शिक्षिकाबाईंनी त्याला प्रश्नच विचारले नाहीत. अंगणातला नळ सोडला आणि त्याच्या शेजारी बसल्या. कॅमेरा चालू होता. बऱ्याच वेळानं दिगू पाण्याकडे बघत संपतदादाच्या आवाजात ओरडला, "पुन्यांदा आलास तर तंगडी मोडीन!" मग आवाज बदलला. तुमचा, अण्णा. "गप ऱ्हा दिगू. आपलीच मानसं हायेत." मी मान खाली घातली.

तो थांबला नाही. वळांवर हळद लावल्यासारखी बोटं फिरवत तुमच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "चुकलं रं माजं, दिगू. म्या बोलाया पायजे हुतं."

हे तुम्ही त्याला म्हणाला होतात? मला का नाही सांगितलंत? मी रुसलेलीच राहिले, आणि तुम्ही कायमचे निघून गेलात.

तेही जबाबात लिहून घेतलंय. कोर्टात मी दिगूच्या शेजारी बसेन, पण त्याच्या वतीनं एक शब्द बोलणार नाही. कबूल!

तुमची
सुमी