पाठराखिणीचं काम

सांगली,
११ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप अंजनाआत्यांस वीरधवलचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितो आहे, जमिनीवरून घातला असं समजावं.) साताऱ्याची थंडी आणि तुमचा गुडघा, दोन्ही उतरणीला लागले असतील. इथे सगळे ठीक. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले माझे जिवाणूही ठीक.

तुम्ही सुचवलेली मुलगी बघायला आम्ही गेल्या रविवारी कोयनानगरला गेलो. लालासाहेबकाकांनी तुम्हाला हकीकत कळवलीच असेल, ही माझी. जीपमध्ये आम्ही अकरा जण. घाटात तिघांना गाडी लागली. मुलीकडचे सहा. खोली दहा बाय दहा. मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर काकांनी दिलं. (सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण पलटण सुटली नाही.) शिवांजलीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिच्या मावशीने दिली. ज्यांचं लग्न ठरायचं त्या दोघांनी तासभर एकमेकांचा आवाज ऐकला नाही. (मध्ये एकदा कपबश्या वाजल्या. भूकंप. बोलणं कोणीच थांबवलं नाही.)

मग तिच्या वडिलांनी, भाऊसोंनी, मी काय करतो ते विचारलं. काका म्हणाले, "जंतू सांभाळतोय त्यो. लय हुशार." भाऊसो म्हणाले, "मारायचं सोडून सांभाळतोय?" इथे मी तोंड उघडलं, ती चूक झाली. रिवाजाप्रमाणे तिच्या आईने, चंद्राबाईंनी, मुलीच्या हातचं काम समोर मांडलं होतं: अर्धा विणलेला स्वेटर, सुया, लोकरीचा गुंडा. मी गुंडा उचलला. म्हटलं, जिवाणूच्या पोटात प्रथिन तयार होतं ते असं लांब धाग्यासारखं. त्याची नेमकी घडी पडली तरच ते कामाचं. घडी कशी पडायची हे त्या धाग्यातच असतं, कोणी शिकवावं लागत नाही. पण आत गर्दी असते (या खोलीसारखी, असंही मी म्हणालो, नको होतं म्हणायला), त्यात उष्णता वाढली की अर्धवट घडीचे धागे एकमेकांना चिकटतात आणि उकडलेल्या अंड्यासारखा गोळा होतो. म्हणून काही प्रथिनं दुसऱ्यांची पाठराखीण होतात.

पाठराखीण म्हटल्यावर बायका खूश झाल्या. नवरीबरोबर सासरी जाणारी बाई जिवाणूंतही असते, हे त्यांना पटलं. मी धागा दोन हात ओढून दाखवला. मग सगळे मदतीला आले. एक टोक काकांनी धरलं, मधला भाग मावशीने, आणखी कोणी कुठून कुठून. दुसरं टोक स्वेटरमध्ये होतं हे भाऊसोंच्या लक्षात आलं, तोवर एक बाही कोपरापर्यंत उसवली होती. उरला तो गुंता.

शिवांजली उठली. सगळं ओंजळीत घेऊन माजघरात गेली आणि आतून कडी लावली. दहा मिनिटांनी धागा नीट गुंडाळून बाहेर आली. म्हणाली, "आत मदतीला कुणी न्हवतं, म्हणून जमलं."

हा विषय मी चार वर्षं शिकवतो आहे. इतका थोडक्यात मला कधी जमलेला नाही.

काल निरोप आला. भाऊसोंचं मत प्रतिकूल आहे (मुलगा झालेलं काम उसवतो). शिवांजली मात्र एकदा माझ्याशी बोलून मगच काय ते सांगणार आहे. येत्या रविवारी बोलावलं आहे. काकांनी दुसरी जीपही सांगितली.

बाकी क्षेम. गुडघ्याला शेक देत राहावं.

आपला,
वीरधवल

ता. क. जिवाणूंची पाठराखीण आपल्यासारखी नसते. ती एक पिंप असते, झाकणाचं. एकच धागा आत घेते, झाकण लावते, दहा सेकंद थांबते. सल्ला देत नाही. घडी नाही बसली तर पुन्हा आत घेते. आत्या, मला हीच मुलगी हवी आहे. काका घरात फक्त तुम्हाला भितात. गुडघा बरा असो वा नसो, रविवारी या, आणि दोन्ही घरची सगळी माणसं धरण बघायला घेऊन जा. आम्हाला दहा मिनिटं पुरतील.

ता. क. २. एक राहिलं. घडी बसली की पाठराखीण त्या घडीत राहत नाही. धरणाकडे निघताना तुम्ही सगळ्यांच्या पुढे असाल, असं मी शिवांजलीला कळवून टाकलं आहे.